कलम नऊ

नऊ नंबरचं कलम माझं. ते उगाच ऐवळे सरांच्या नावावर खपवू नका, आणि सरकारच्या तर मुळीच नको. सरकारला एवढी अक्कल असती तर आम्हाला एकेचाळीस दिवस उन्हात बसावं लागलं नसतं. मी, मंदाकिनी तोडकर, करमाडीत शाळेचे गणवेश शिवणारी बाई, मीच उठून माइकवर ते कलम बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आधी जुईचं सांगते, नाहीतर मी कोण आणि का बोंबलतेय ते कळायचं नाही.

जुई सहा वर्षांची होती. आईबाप नव्हते, बालगृहात वाढली आणि तिथून एका प्रतिपालक घरी दिली गेली. प्रतिपालक म्हणजे दत्तक नव्हे. मूल सरकारचंच राहतं, घर तेवढं आपलं. हळद यार्डामागच्या त्या घरी तपासणीला अधिकारी चारदा आला. चारदा त्याला पोहे मिळाले, चारदा जुईनं कविता म्हणून दाखवली आणि चारदा कागदावर 'मूल आनंदी आहे' असं लिहिलं गेलं. पाचव्या वेळी कविता म्हणायला जुई नव्हती. कोर्टात घरातले म्हणाले, पोरगी आमच्याकडे आली तेव्हाच भेदरलेली होती, सारखी पडायची. ते खोटं होतं हे दाखवायला कोणाकडे काही नव्हतं. सुटले हो ते! अजून त्याच गल्लीत राहतात.

जुई ऐवळे सरांच्या शाळेत पहिलीला होती. सर निवृत्त झाले ते थेट रस्त्यावरच आले. 'जुई पालक मंच' त्यांनी काढला. पहिल्या बैठकीला आम्ही सात जण होतो, धरण्याला चारशे. मागणी एकच, तपासणी माणसाच्या हातात ठेवू नका. माणसाला पोहे चारता येतात.

पट्टी तेव्हा नुकतीच निघाली होती. मधुमेहवाल्यांच्या दंडावर चिकटवतात तशीच, पण बोराएवढी, खांद्याच्या मागे लावायची. माणूस घाबरला, ताणात आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो आणि तो घामात उतरतो. आपल्याला दिसत नाही, पट्टीला दिसतो. दर दहा मिनिटांनी ती तो मोजते आणि दिवसाचा एक आकडा काढून भिंतीवरच्या डब्यावर दाखवते. तोच आकडा बालकल्याण समितीच्या कार्यालयातही जातो. शास्त्र एवढंच. मूल तोंडानं खोटं बोलेल, कविता म्हणेल, पण घाम खोटं बोलणार नाही, असं आम्ही म्हणायचो. घोषणाच होती आमची.

आणि मग माझं कलम. मी म्हटलं, आकडा मोजाल, पण कशाशी ताडून बघाल? ती माणसं पुन्हा म्हणतील, पोर आधीपासूनच तसं होतं. कापड बेतायच्या आधी माप घेतात. तसं मूल घरी द्यायच्या आधी तीस दिवस बालगृहातच पट्टी लावा आणि त्याचा मूळ आकडा घ्या. घरी गेल्यावर पंधरवड्याची सरासरी त्याच्या दुपटीवर गेली तर लाल शेरा. सलग तीन लाल झाले की मूल परत. दहावं कलम सरांचं, प्रतिपालकांचं अपील ऐकलं जाणार नाही. अपीलं करूनच ती माणसं सुटली होती ना! मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "ऐकलं जाणार नाही!"

नियम झाला. जुईचं नाव त्याला मिळालं. सर त्या दिवशी रडले.

मग सर म्हणाले, "आता आपण स्वतः मूल सांभाळून दाखवलं पाहिजे, मंदाताई. नुसतं तोंड वाजवून उपयोग नाही." मला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी अर्ज केला आणि दोन हजार छत्तीस सालच्या मार्चमध्ये कस्तुरी घरी आली.

आठ वर्षांची. मूळ आकडा अकरा. "एवढा शांत आकडा आमच्याकडे क्वचित असतो, काकू," समितीच्या खरोसे मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे पोरगीच, चांगली शिकलेली, अठ्ठावीस वर्षांची असेल. मला कस्तुरीचा अभिमान वाटला. काय गुणाची पोर! ताटातलं सगळं संपवायची, ताट धुऊन ठेवायची, झगा घडी करून उशाशी ठेवायची. विचारलं की "हो बाई." नाही विचारलं की गप्प. बोटात सुई घुसली तेव्हा तिनं ती स्वतःच उपसली आणि माझ्यापुढे धरली. "ही तुमची."

मला वाटलं, वळण आहे. डोंबल वळण!

मेच्या शेवटी एके दुपारी मी दोरे आणायला बाजारात गेले आणि तासाभराचे अडीच तास झाले. परत आले तर कस्तुरी उंबऱ्यावर. मला बघताच तिनं हातातला पेला फेकून मारला, भोकाड पसरलं, "कुठं गेलतीस? सांगून का नाय गेलीस?" पेला माझ्या कपाळाला लागला. आणि मी, सांगायला लाज नाही वाटत, आनंदानं खुळी झाले. ती पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली होती. संध्याकाळी हळूच म्हणाली, "मम्मी, दुखतंय का?"

तिथून पुढे ती पोरगी पोरगी झाली. वांगं ताटातून काढून टाकायची. शाळेत जायला रडायची, आणि शाळेतून पळत यायची ती थेट माझ्या मशीनवर आदळायची, शिवण वाकडी जायची. माझ्या मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मी जरा खोकले की "मम्मी, तू मरणार नाहीस ना?" मी म्हणायचे, "मरते कशाला, अजून तुझ्या लग्नाचे लाडू खायचेत."

भिंतीवरचा डबा म्हणाला एकोणीस. मग तेवीस. जुलैच्या पहिल्या पंधरवड्याची सरासरी सव्वीस आली आणि डबा लाल झाला.

मला वाटलं, पट्टी बिघडली. खरोसे मॅडमनी बदलून दिली. नवीन पट्टीनं सत्तावीस दाखवले.

सरकारी दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर फरीदा मुजावर आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कस्तुरीचा चार महिन्यांचा आलेख उघडला आणि सुरुवातीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ताई, ही सुरुवातीची रेघ बघा. सपाट आहे. निरोगी मुलाचा आकडा सकाळी चढतो, संध्याकाळी उतरतो, भीती वाटली की उसळतो, कुणी जवळ घेतलं की खाली येतो. हिचा हललेलाच नाही. तुम्ही त्याला शांत म्हणालात?"

"मग काय म्हणायचं?"

"मूल रडतं कशासाठी? कुणीतरी येईल म्हणून. चाळीस पोरांमागे एक आया असली की कुणी येत नाही. मग मूल रडणं सोडतं आणि शरीरही घाबरणं सोडतं. हे जुनं संशोधन आहे, पट्टीच्या कितीतरी आधीचं. चांगल्या घरात गेल्यावर पहिले वर्षभर अशा मुलांचा आकडा वाढतो. वाढायलाच पाहिजे. तिला आता गमवायला काहीतरी आहे, म्हणून ती घाबरते. तुमचा हा लाल शेरा म्हणजे पोर बरी होतेय." त्यांनी चष्मा काढला. "हा मूळ आकडा बालगृहात घ्यायचं कुठल्या शहाण्यानं सुचवलं?"

मी आलेखाचा कागद मागून घेतला.

तशीच सरांकडे गेले. सर ओसरीवर मंचाचे कागद लावत होते. मी सगळं सांगितलं, आलेख पुढे ठेवला. म्हटलं, "सर, चुकलं माझं. कलम नऊ बदलून घेऊ. आपण म्हटलं तर समिती ऐकेल."

सरांनी कागद नीट रचले. "एक नवी समिती बसवू, अभ्यास करू. वर्षभर लागेल."

"माझ्याकडे चार आठवडे आहेत!"

"मंदाताई, प्रत्येक घर हेच म्हणतं. पट्टी चुकते, पोर बरी होतेय, आमच्यावर जीव आहे तिचा." मग त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. पेल्याची खूण होती. "घरी काही होतंय का? खरं सांगा. पोरगी वस्तू फेकून मारते, असं शेजारी म्हणत होते."

"सर!"

"जुईच्या घरचेही रडले होते हो कोर्टात. मी तेव्हा शपथ घेतलीय, मोठ्या माणसाच्या रडण्याला भुलायचं नाही." अगदी मऊ आवाजात म्हणाले. वर आणि चहा घ्या म्हणाले. त्या माणसाबरोबर मी एकेचाळीस दिवस एका चटईवर बसले होते. असा संताप आला की कपबशी त्यांच्या अंगणात आपटून आले.

दुसरा पंधरवडा. लाल. सरासरी अठ्ठावीस. आता एक लाल उरला होता, आणि तो लागला की गाडी येणार आणि कस्तुरी जाणार, आणि मला पुन्हा कधी तिला बघताही येणार नाही. तेही आम्हीच लिहिलेलं.

आमच्या पेठेत शोभा लाटे म्हणून एक होती. तीन प्रतिपालक मुलं, तिन्ही कायम हिरवी. मंचानं तिचा नारळ-शाल देऊन सत्कार केला होता, शाल मीच खांद्यावर घातली होती. ती गणवेशाच्या मापाला मुलांना घेऊन आली. तिघं रांगेत उभी, हात वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. मी तिला आत बोलावलं आणि विचारलं, "शोभाताई, तुम्ही करता तरी काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "तेच तर. काही करायचं नाही. जेवण वेळेवर, कपडे स्वच्छ. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. लाड केले की चढतो आकडा. सुरुवातीला चार दिवस वाईट जातात, मग गप होतात आपोआप. तुम्ही ना, मंदाताई, जीव लावत बसलात."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. ती गेल्यावर कस्तुरी शाळेतून यायची वाट बघत बसले.

ती आली, दप्तर टाकलं, मशीनवर आदळली. मी तिचे हात माझ्या गळ्यातून सोडवले. म्हटलं, "मम्मी म्हणायचं नाही. बाई म्हणायचं. त्या कोपऱ्यात बस."

ती हसली. तिला वाटलं, खेळ आहे. "बाई, बाई, ओ शिवणबाई!" असं चिडवत माझ्या पदराला लोंबकळली. मी उठून तिला कोपऱ्यात नेऊन बसवलं आणि पाठ करून मशीन चालू केलं. मागून हसू येत होतं, मग थांबलं.

मी तिला सांगायला हवं होतं की, हे चौदाच दिवस, तुझ्यासाठीच करतेय. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आशेवर राहिली असती, आणि आशेनंच आकडा वाढतो, हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं बघा. शास्त्र मी बरोबर शिकले.

पहिले तीन दिवस आकडा तेहतीस, चौतीस, तेहतीस. तिनं सगळं करून बघितलं. रुसून बघितलं, ताट उलटं करून बघितलं. वांगं मुकाट खाऊन बघितलं. माझ्या मशीनचा पट्टा लपवला. मग आणून दिला आणि म्हणाली, "मी चांगली वागते. तू बोल ना." चौथ्या दिवशी तिला ताप आला. औषध, पाणी आणि भाताची पेज मी तिच्याजवळ ठेवली आणि दार ओढून घेतलं. भर दुपारी ती आतून हाका मारत होती, "मम्मी, मम्मी," आणि मी दाराच्या या बाजूला तोंडात पदर कोंबून बसले होते. तासभर हाका आल्या. त्यानंतर ती मला कधीही मम्मी म्हणाली नाही.

पाचव्या दिवशी सव्वीस. सहाव्या दिवशी बावीस. मग एकोणीस, सतरा, पंधरा. शेवटचे दोन दिवस अकरा. सरासरी वीस पूर्णांक सहा. डबा हिरवा झाला. खरोसे मॅडमचा फोन आला, "काकू, सुटलात बाई! काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही."

मी तिला उचलून घ्यायला आत धावले, आणि दारातच थांबले. जुने लाल शेरे पुसायला सलग तीन हिरवे लागत होते. मधेच आकडा उसळला तर पुन्हा सगळं मुसळ केरात. मी स्वतःला म्हटलं, मंदे, कळ काढ. आधी नियम बदलून घेऊ, मग हिला छातीशी धरू. सगळं आयुष्य पडलंय.

आणि मी लढले हो! डॉ. मुजावरांनी जिल्ह्यातल्या तीनशे मुलांचे आलेख गोळा केले. मी दारोदार फिरले. ज्यांची मुलं परत नेली होती अशा सव्वीस बायका शोधून काढल्या. समितीच्या दारात बसवल्या, बोलायला लावल्या. कस्तुरी शाळेतून येऊन, ताट वाढून घेऊन, धुऊन ठेवायची. मी बाहेर असायचे. डॉक्टर एकदा म्हणाल्या, "ताई, मोर्चे मी बघते, तुम्ही घरी जा. एकदा विश्वास ठेवून फसलेलं मूल पुन्हा इतक्यात ठेवत नाही." मी म्हटलं, एवढं संपू द्या.

सरांना शेवटी आकडे पटले. पटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "नियमाला नाव जुईचंच राहील ना?" मला त्यांचा राग आला नाही, कीव आली.

फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. कलम नऊ रद्द. त्याच्या जागी ताटातुटीची चाचणी आली, तीही आमच्याच मागणीतली. अधिकाऱ्यानं मुलाला शांतपणे सांगायचं की तुला या घरातून दुसरीकडे नेणार आहोत. आकडा उसळला आणि घरच्या माणसानं जवळ घेतल्यावर उतरला, तर मुलाचा जीव तिथे आहे, घर चांगलं. आकडा हललाच नाही तर मूल त्या घरात जगतंय, पण वाढत नाहीये. अशा मुलाला दुसऱ्या घरी द्यायचं. अपिलाचं कलम तसंच ठेवायचं, असं सर म्हणाले, आणि दमून आम्ही हो म्हटलं.

पहिली चाचणी शोभा लाटेच्या घरी. तिन्ही मुलांचा आकडा तसूभर हलला नाही. तिन्ही त्याच दिवशी हलवली. मंचात आम्ही पेढे वाटले. मी दोन खाल्ले. दुसरा पेढा घशात असताना मला कळलं की यादी पेठेप्रमाणे चाललीय, आणि पुढचं घर माझं आहे.

पाच दिवस मिळाले. पाच दिवसांत मी काय नाही केलं! शाळेच्या दारात उभी राहिले. शेंगदाण्याचं कूट घालून भरीत केलं आणि वांगं तिला आवडत नाही हे आठवून सगळं टाकून दिलं. तिच्यापुढे हात जोडले. "कस्तुरे, मी वाईट वागले. तुला नेऊ नये म्हणून वागले. मला मार. पेला मार फेकून." पेला तिच्या हातात दिला. तिनं तो धुऊन फळीवर ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी खरोसे मॅडम आल्या. डब्यावर अकरा. त्यांनी कस्तुरीला समोर बसवलं. "कस्तुरी बाळ, तुला या घरातून दुसऱ्या घरी न्यायचं ठरलंय. आजच."

"हो मॅडम," कस्तुरी म्हणाली.

अकरा.

"तुला इथंच राहायचंय का? इथं की तिथं?"

तिनं खरंच विचार केला. भुवया आवळून केला. "कुठंही चालेल."

मी झेप घातली. काय होईल ते होवो, तिला उचलून मांडीवर घेतलं, आवळलं, तिचे मुके घेतले, तिच्या कानाशी ओरडले, "मी मम्मी आहे ना गं तुझी! रड! एकदा रड, माझी आई!" आणि त्या डब्याकडे बघून, ज्याच्या आकड्याला मी सहा महिने खाली दाबत होते त्याला म्हणाले, "वाढ की रे मेल्या, वाढ!" कस्तुरी माझ्या हातांत माप द्यायला उभी केल्यासारखी ताठ होती. तिनं मान जरा बाजूला केली.

"बाई, वेणी सुटतेय."

अकरा. खरोसे मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी मला विचारलं, "काकू, मी काय करू?" मला त्यांना सांगता आलं असतं, थांबा, दोन दिवस द्या, पट्टी बिघडली म्हणा. पूर्वी तो एका सहीचा प्रश्न होता. पण आता सही नव्हतीच कुठे. ती आम्हीच काढून टाकली होती. आकडा परस्पर गेला होता.

कस्तुरीनं पाच मिनिटांत पिशवी भरली. घड्या चोख. जिन्यावर तिनं खरोसे मॅडमना विचारलं, "तिथं जेवण किती वाजता असतं?" मग काहीतरी राहिल्यासारखी परत वर आली, माझ्यापुढे उभी राहिली, दोन्ही हात जोडले आणि बालगृहात सगळ्यांना एका सुरात शिकवतात तशा सुरात म्हणाली, "येते बाई. तुम्ही माझी चांगली काळजी घेतलीत."

मी म्हटलं, "ये."